गळा दाटायची जागा

"अहो, हे काय?" फ्रिजमध्ये विरजणाच्या भांड्यामागे दडवलेली इवलीशी बाटली मी आमच्या कीर्तनकार बुवांपुढे धरली.

"झोपेचं इंजेक्शन. पेप्टाइड म्हणतात त्याला. ताणही उतरतो म्हणे. तुझ्याच भाच्याने मागवलंय."

"यावर तर लिहिलंय, फक्त प्रयोगासाठी, माणसांसाठी नाही."

"मग मला उंदीर समज. निदान झोपलेला उंदीर!" वर्षभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता, म्हणून मी बाटली परत जागेवर ठेवली. पण ती बाटली काही मनातून जाईना.

बुवा गाढ झोपू लागले. चिडचिड संपली. मग रामनवमीच्या उत्सवात हरिश्चंद्राचं आख्यान लावलं. तारामती मेलेल्या रोहिदासाला उचलते, तिथे बुवांचा गळा दाटतो आणि मी पेटीवरचे हात काढते, हा आमचा बावीस वर्षांचा परिपाठ. बायकाही तिथेच पदर डोळ्यांना लावतात. मी हात काढले. बुवा मात्र न अडखळता सुरात पुढे गात राहिले.

घरी आल्यावर म्हणाले, "आज पेटी चुकली तुझी. असू दे, होतं कधीतरी."

एका सुरासाठी दोन दिवस अबोला धरणारा हा माणूस! मी बाटली काढून त्यांच्यासमोर ठेवली. "विठ्ठलाला स्मरून सांगा, तारामती रडत होती तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

बुवांनी बाटली हातात घेतली.

"काहीच नाही गं," ते म्हणाले, आणि एवढं म्हणताना मात्र त्यांचा गळा दाटला.