रिकामी पुंगळी

"बोट चापावर नको. बाहेर, सरळ ठेव," उस्ताद म्हणाले.

सुनेनं बोट बाहेर घेतलं. पिस्तूल तिच्या हातात फारच मोठं दिसत होतं.

नेमबाजीच्या त्या लांबट, बिनखिडक्यांच्या खोलीत दोघंच होती. शिकणारे अजून यायचे होते. दाराशेजारी जाड काच होती आणि काचेपलीकडे उस्तादांची मुलगी केळं खात बसली होती. वडिलांचा जन्म या खोलीत गेला, पण तिनं पिस्तुलाला कधी हात लावला नव्हता. आज वहिनीला सोबत म्हणून तीही शिकणार होती. किंबहुना हे सगळं तिनंच घडवून आणलं होतं. वहिनी एकटी राहते, घर बैठं, उंबऱ्याला साधी पायरीसुद्धा नाही, अंगणातून कुणीही थेट खिडकीशी येईल. तिला शिकवा, म्हणून तिनं वडिलांच्या मागे टुमणं लावलं होतं.

"जड आहे," सून म्हणाली.

"पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटतं. याआधी कधी धरलंस?"

"कधीच नाही, बाबा. हे हात लावू द्यायचे नाहीत."

उस्तादांनी मान हलवली. मुलाला पिस्तूल त्यांनीच दिलं होतं आणि चालवायलाही त्यांनीच शिकवलं होतं. गेल्या वर्षी त्याच पिस्तुलाच्या गोळीनं तो गेला. ती तेव्हा स्वयंपाकघरात होती, असं सुनेनं सांगितलं होतं. आवाज ऐकून ती धावली, तोवर सगळं संपलं होतं. पोलिसांनी आत्महत्या ठरवून प्रकरण मिटवलं. पोराला मरायचं बापानंच शिकवलं, असं लोक बोलत, आणि उस्तादांना ते खोटं वाटत नसे.

"झोप लागते का गं?"

"दुपारी लागते. रात्री त्या खोलीतून आवाज येतो. तसाच. एकदाच."

"दार लावून घेत जा."

"लावलं की जास्त येतो."

उस्ताद जवळ सरकले. त्यांनी तिची पकड नीट करायला उजवं मनगट धरलं. तिनं हात झटकन मागे घेतला.

"दुखतं?"

"जुनं आहे. मोडलं होतं."

"मला कुणी सांगितलं नाही. कसं मोडलं?"

"घरीच. जिन्यावरून पडले."

उस्तादांनी मनगट पुन्हा हातात घेतलं, या वेळी अलगद. हाड किंचित वाकडं जुळलं होतं. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि सोडून दिलं.

मग पाठमोरं होऊन त्यांनी पिस्तुलात काडतूस भरलं, पिस्तूल पुन्हा तिच्या हातात दिलं, आणि झाडलेल्या काडतुसाची एक रिकामी पुंगळी नळीवर, अगदी टोकाशी, उभी ठेवली.

"गोळी सुटली की ही उडेलच. पण त्याआधी पडता कामा नये. श्वास सोड. चाप हळूहळू ओढ."

समोर कागदावर काळं वर्तुळ होतं. तिनं डोळे मिटले नाहीत. खांदेही हलले नाहीत.

खट्ट.

स्फोट झालाच नाही. पण नळीचं टोक खाली दबलं होतं, आणि पुंगळी फरशीवर टणटणत भिंतीपर्यंत घरंगळली.

"वाजलं नाही," सून म्हणाली.

"नकली काडतूस होतं. आत दारू नसते. नवीन माणसाला पहिल्यांदा मी तेच देतो, न सांगता."

"का?"

"हात बघायला."

"माझं काही चुकलं का, बाबा?"

उस्ताद पुंगळी उचलायला वाकले. सरळ व्हायला त्यांना वेळ लागला.

"बस जरा," ते म्हणाले. "आता हिला बघू."

त्यांनी काचेवर टकटक केली. मुलगी हात पुसत आत आली.

"वहिनी, पाडलीस ना? आतलं ऐकू काही येत नाही, पण दिसलं बरं का मला! आता बघ. शेवटी उस्तादांचं रक्त आहे."

"रक्त राहू दे, पाय नीट ठेव," उस्ताद म्हणाले.

तिनं खांदे कानांपर्यंत ओढले, डोळे घट्ट मिटले आणि चाप ओढला. खट्ट. पुंगळी जागच्या जागी उभी.

"हे काय, फुसकं? पण पडली का? नाही पडली! वहिनी, चहा तुझ्याकडून."

दुसरं काडतूस खरं होतं. स्फोटानं खोली दणाणली. मुलगी दोन पावलं मागे आली आणि खिदळत सुटली. बाकावरची सून भिंतीला चिकटली होती.

तिसरं पुन्हा नकली. खट्ट. नळी खाली झुकली आणि पुंगळी खणकन पडली.

"अरेच्चा! आता तर कुठे मला यायला लागलं होतं. आता का पडली?"

"आता हाताला ठाऊक झालं ना." उस्तादांचा आवाज अगदी हळू होता. "आवाजाच्या भीतीनं डोळे मिटतात, अंग चोरलं जातं. ते कुणाचंही होतं. नळी खाली दाबली जाते ती धक्का परतवायला. ज्या हातानं तो धक्का एकदा खाल्लाय, तोच हात तसं करतो. आपण विसरलो तरी तो विसरत नाही."

"म्हणजे पहिल्यांदा कुणाचीच पडत नाही?"

"इतकी वर्षं शिकवतोय. कुणाचीच नाही."

"मग वहिनीची कशी पडली?"

सुनेनं मान वर केली. उस्ताद तिच्याकडेच बघत होते. डाव्या हातानं तिनं उजवं मनगट धरून ठेवलं होतं.

उस्तादांनी पुंगळी उचलून खिशात टाकली.

"तिचं मनगट अधू आहे," ते मुलीला म्हणाले. "जिन्यावरून पडली होती."