ओला रंग

ग्रंथालयाच्या पायऱ्यांशेजारी रॅम्प व्हावा म्हणून तिने वर्षभर प्राचार्यांचं डोकं खाल्लं, त्यामुळेच विद्यार्थी संघटनेने तिला सचिव केलं. आज उद्घाटनाला व्हीलचेअरवरच्या मैत्रिणीला ती हट्टाने घेऊन आली, पण वीतभर रॅम्पवर हातभर रंगवलेलं संघटनेच्या दादांचं नाव अजून ओलंच होतं. “चाकांनी नावाचा पार विचका होईल,” दादा म्हणाले. “फोटोपुरतं उचलून वर ठेवा हिला.” तिचं निवडणुकीचं तिकीट दादांच्याच हातात होतं. ती बाजूला सरकली. चार कार्यकर्त्यांनी मैत्रिणीला खुर्चीसकट पायऱ्यांवरून उचलून वर नेलं. टाळ्या झाल्या, फोटो झाले, सगळे चहाला पांगले. वर दोघीच उरल्या. “रागावलीस का गं?” तिने विचारलं. “तुझाच प्रश्न उचलून धरला ना मी?” “प्रश्न उचलून धरायचा होता, मला नाही,” मैत्रीण म्हणाली. “बोलाव आता त्या चौघांना. रंग अजून ओला आहे.”