लहान माप

खरेदीच्या अर्जात बासष्ट क्रमांकासमोर तीन रकाने होते: मोठं, मधलं, लहान. पहिले दोन अक्कांनी सकाळीच भरून टाकले होते. तिसऱ्यावर पेन टेकवून त्या बसल्या होत्या, आणि दूरदेशीच्या निर्वासितांच्या छावणीतून परवाच परतलेली सिस्टर समोरच्या खुर्चीवर बसून त्या पेनाकडे बघत होती.

बासष्ट क्रमांक म्हणजे मृतदेह ठेवायची पिशवी. पण त्या कचेरीत तिचं नाव कुणी तोंडावर आणत नसे. भांडाराचे काका साबण, बादल्या, मच्छरदाण्या, स्ट्रेचर असं सगळं दाराजवळ रचत आणि बासष्टचे खोके पार मागे, भिंतीला लावून ठेवत. देशोदेशीच्या छावण्यांना औषधं सोडून जे जे लागेल ते पाठवायचं, हे अक्कांचं काम. औषधवाले वरच्या मजल्यावर बसत. "त्यांना मान, आम्हाला सामान," असं अक्का हसून सांगायच्या. सव्वीस वर्षांत त्यांच्या यादीतली साधी दोरीही कधी कमी पडली नव्हती.

गेल्या वर्षी मात्र अर्जात नव्यानंच आलेल्या तिसऱ्या रकान्यात त्यांनी आडवी रेघ मारली होती. सुनेला तेव्हा सातवा लागला होता. अक्का ज्या घरात वाढल्या तिथे बांगडी फुटली तरी 'वाढवली' म्हणायचं, कुंकू संपलं तरी 'वाढलं' म्हणायचं. भलतंसलतं बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, हे आईच्या तोंडचं वाक्य. आणि लिहिणं म्हणजे तरी काय, बोलणंच. अक्कांनी रेघ मारली, मोठ्या मापाच्या थोड्या वाढवून टाकल्या आणि सही केली. मोठ्यात लहान मावतंच की.

मावलं होतं. सिस्टरनं आल्या आल्या, आवाज न चढवता ते सांगितलं. त्या छावणीत आधी गोवर आला, मागोमाग थंडी. मोठी पिशवी दोनदा दुमडायची, वरून दोरी बांधायची, असं त्यांनी निभावून नेलं. अक्का ऐकत होत्या आणि हिच्या बोलण्यात आपला उद्धार कधी होतो याची वाट बघत होत्या. तो झालाच नाही. लहान माप कारखान्यात बनतच नाही, अशी तिची समजूत होती. मुद्दाम बनवून घेता येईल का, एवढंच विचारायला ती आली होती.

हो म्हणून टाकलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. काकाही दारात पावती घेऊन सहीसाठी उभे होते.

"बनतं," अक्का म्हणाल्या. "मीच मागवलं नव्हतं."

त्यांनी गेल्या वर्षीचा अर्ज फायलीतून काढला आणि तिच्यापुढे सरकवला. सिस्टरनं त्या रेघेवर बोट ठेवलं. बोट रेघेपेक्षा लांब होतं. आता ही उठेल आणि थेट साहेबांच्या खोलीत जाईल, असं अक्कांना वाटलं. जावं, असंही वाटलं.

"एका बाईनं मला विचारलं होतं," सिस्टर म्हणाली. "एवढी मोठी कशाला? आत हरवेल की तो."

अक्कांनी चष्मा काढला आणि नुसताच हातात धरून ठेवला.

फोन वाजला. पिशव्यांच्या कारखान्याचा माणूस होता. बोलका गडी, अक्कांच्या तब्येतीपासून सुरू करून हवेपाण्यावर यायचा आणि मग कामावर. आजही तसंच झालं. जहाज सुटायला चार दिवस उरलेत, आकडे आत्ता मिळाले तरच माल चढेल, नाहीतर दोन महिने दुसरं जहाज नाही, असं त्यानं सांगितलं. मोठं आणि मधलं त्यानं उतरवून घेतलं.

"लहान निरंक ना, अक्का? गेल्या वर्षीसारखं?"

अक्कांनी सिस्टरकडे पाहिलं आणि भुवई उंचावून आकडा विचारला. त्यांच्या स्वतःच्या मनात पन्नास होते. सिस्टरनं चिठ्ठी ओढली आणि तिच्यावर चारशे लिहिले.

अक्कांनी चष्मा चढवून तो आकडा वाचला. शून्यं पुन्हा मोजली.

"मृतदेहाच्या पिशव्या," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "लहान माप. चारशे."

दारातल्या काकांनी पावतीची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. पलीकडच्या माणसानं एकेक बाब विचारायला घेतली, आणि आता त्याच्या बोलण्यात हवापाणी नव्हतं. लांबी? तीन फूट. रंग? पांढरा. चेन? समोरून, पूर्ण लांबीची. अक्का उत्तर देत होत्या आणि त्याच वेळी तिसऱ्या रकान्यात लिहीत होत्या.

"आणि उचलायला हँडल?" त्यानं विचारलं. "मोठीला दोन्ही बाजूंनी तीन-तीन असतात. लहानला किती लावू, चार की दोन?"

हे अक्कांना ठाऊक नव्हतं. त्यांनी फोनवर हात ठेवून सिस्टरला विचारलं.

"एकही नको म्हणावं," सिस्टर म्हणाली. "लहानांना कवेत घेऊनच नेतात."