ज्युनिअरचं काम

१९८७ साली नागपुरातल्या एका ऑफिसात कॉम्प्युटर आले. दोन ऑपरेटरांनी एकमेकांच्या नोंदी अडवून धरल्या की दोघांचेही पडदे गोठायचे. प्रोग्राम लिहिणाऱ्या यशवंतने त्यावर तोड काढली: मशीनने एकाचं काम पुसून दुसऱ्याला वाट द्यायची. कोणाचं पुसायचं, ते साहेबांनी ठरवायचं.

साहेबांना विचारच करावा लागला नाही. "ज्युनिअरचं पुसून टाक गा."

सिनिअर ऑपरेटर बोबडेबाबू मोठे बेरकी. ज्युनिअर शामलाचं काम संपत आलं की मुद्दाम तिच्या नोंदी अडवून बसायचे, आणि तिची सकाळभराची मेहनत पुसली जायची.

"भाऊ, हे मशीन माझंच काहून पुसते?" ती यशवंतला विचारायची. तो आपल्या पडद्याकडे वळायचा. त्याचीही नोकरी अजून कच्ची होती.

वर्षअखेरीस मशीनने यादी छापली. सगळ्यात कमी काम शामलाचं.

"मशीन खोटं तर नाही ना बोलून राहिलं?" साहेबांनी यशवंतला विचारलं.

"नाही, साहेब."

शामलाला घरी बसवलं, आणि तिच्या खुर्चीवर यशवंतला.



समोरच्या पडद्याआडून बोबडेबाबू हसले. "ये गा, ज्युनिअर."