मधलं दार

पत्र्यावर कुणीतरी चालत होतं.

नुकतं उजाडत होतं. मरियानं बाळाच्या झोळीची दोरी सोडली आणि वर कान लावला. मधल्या भिंतीपासून वळचणीपर्यंत सात पावलं. मग परत सात. डावा पाय जरासा ओढत टाकलेला. ही चाल तिला झोपेतही ओळखू आली असती. तिचा दीर, बेंजामिन.

मोजतोय मेला, ती मनात म्हणाली.

एकाच पत्र्याखाली दोन खोल्या, मधे भिंत, भिंतीत दार. नऊ वर्षांपूर्वी मरियाचा नवरा गेला. महिनाही उलटला नव्हता तेव्हा बेंजामिननं वाटणी मागितली आणि पूर्वेची खोली घेतली. तिच्या पदरात पश्चिमेची पडली. दुपार कलली की दिवस मावळेपर्यंत सूर्य तिच्याच भिंतीला पाठ टेकून बसायचा. वाटणीच्या दिवशी तिनं मधल्या दाराला कडी घातली आणि वरून लोखंडी पेटी सरकवली. ज्यानं खोली घेतली तो उद्या दारातून येऊन उरलेलीही घेईल, हे तिनं धरूनच ठेवलं होतं.

यंदा लेक प्रार्थना बाळंतपणाला आली होती. बाळ अठरा दिवसांचं, आणि मानेपासून पाठीपर्यंत घामोळं. काल जावयाचा, सॅम्युएलचा, फोन आला होता. "आई, तुमच्या पत्र्यात पोर भाजून निघंल. रविवारी गाडी घेऊन येतो, दोघांना संगमनेरला नेतो." सव्वा महिन्याचं माहेर अठरा दिवसांत गुंडाळायचं. आज शनिवार.

तिनं काय करायचं शिल्लक ठेवलं होतं? खिडकीला ओलं गोणपाट बांधलं. फरशीवर पाणी शिंपलं. पत्र्यावर उसाचं पाचट पसरावं म्हणाली, तर ठिणगीची धास्ती. कूलर माणसापेक्षा जास्त पाणी पितो, आणि टँकर यायचा चौथ्या दिवशी.

परवा टँकरच्या रांगेत बेंजामिन म्हणाला होता, "वहिनी, पत्र्याला चुना लावू का? ऊन माघारी फिरतं."

"एकदा लावलास तेवढा पुरे हाय," ती म्हणाली होती. बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. बेंजामिन हंडा उचलून निघून गेला होता.

आणि आज हा न विचारता डोक्यावर चढला होता. गेल्या आठवड्यात ग्रामपंचायतीच्या ओट्यावर मोजणीची टेप घेतलेल्या माणसाशी बोलतानाही तिनं त्याला पाहिलं होतं. सात पावलं. परत सात.

खिळ्याच्या भोकातून एक थेंब टपकला. पांढरा. झोळीपासून हातभर अंतरावर. मरियानं बाळ उचलून प्रार्थनाच्या कुशीत दिलं, दाराआडची काठी घेतली आणि बाहेर आली.

बेंजामिन शिडीवरून उतरत होता. हातात बादली, कुंचा, भुवया पांढऱ्याफेक. तिच्या बाजूचा पत्रा दुधात बुडवून काढल्यासारखा दिसत होता. त्याच्या बाजूचा तसाच, गंजका.

"तुझ्याकडं का न्हाई लावला?"

"चुना एवढाच हुता. दोन हात दिल्याबगर गार पडत न्हाई."

मरियानं काठी जमिनीवर टेकवली. हा माणूस फुकट पाणीसुद्धा पाजायचा नाही. "आता बोल. सही कुठं करू?"

बेंजामिननं कुंचा बादलीत बुडवला, काढला, परत बुडवला. "सही नको. वहिनी, मधलं दार तेवढं उघडा."

"आलास ना मुद्द्यावर!"

"अवो, तुमचं दार अन् खिडकी एकाच अंगाला. वारं येतंय, पण त्याला जायाला वाट न्हाई. ज्या घरातून भाईर पडता येत न्हाई, तिथं वारंसुदिक पाय ठेवत न्हाई." त्यानं भुवईवरचा चुना पुसला. "वाटणीच्या टायमाला चुकलंच माझं. पर पोरानं काय केलंय?"

मरियानं पाठ फिरवली. आत जाऊन पेटी दाराशी आणखी घट्ट रेटली.

दुपारी पत्रा खरोखर निवला होता. रोज तडतडायचा, आज गप्प होता. तरी खोलीत हवा उभीच्या उभी. बाळ कुरकुरत होतं. प्रार्थना त्याची टोपडी, दुपटी पिशवीत भरत होती. झोळी हलवता हलवता मरियाच्या ओठांवर ओवी आली.

वारा गं सुटला, वारा कुण्या गावचा पाव्हना,
माझ्या गं बाळाच्या झोळीपाशी का ऱ्हाईना...

तिची नजर खिडकीकडं गेली. गोणपाट भिंतीला चिकटवल्यासारखं लोंबत होतं. त्याचा एकही धागा हलत नव्हता.

ती उठली. पेटी ओढली, फरशीवर नऊ वर्षांचा गंजाचा चौकोन उमटलेला होता. तिची कडी गंजून आवळली होती, बत्त्यानं ठोकून काढावी लागली. त्याच्या बाजूनंही बंदच असणार, ती मनात म्हणाली. तेवढंच जावयासमोर सांगता येईल, की दार मी उघडलं होतं, अडवलं त्यानं.

तिनं एक बोट लावलं, आणि दार उघडलं.

गोणपाट फुगलं. ओला गारवा खोली ओलांडून पलीकडं गेला, आणि जाता जाता झोळीला झोका देऊन गेला. प्रार्थनाचा हात पिशवीतच राहिला.

पलीकडं कुणी नव्हतं. बेंजामिन कामाला गेला होता. इवल्याशा खोलीत खिडकी उघडी ठेवलेली, त्याची खाट कोपऱ्यात दाबून बसवलेली, दारासमोरची जागा मोकळी. मरियानं दाराची त्याच्याकडची बाजू पाहिली. कडीवर तिच्या नवऱ्यानं दिलेला हिरवा रंग होता, कडी उघडी असताना फळीसकट एकाच हातात फिरवलेला. तो कुठंच तडकला नव्हता. नऊ वर्षांत ती कडी एकदाही लागली नव्हती.