हृदयाची संपूर्ण माहिती

बायको गेल्याचं दवाखान्यातून कळलं, त्याच दुपारी माझी बहीण तिच्या चार वर्षांच्या हुशार मुलाला घेऊन आली. सगळे गप्प बसलेले पाहून तिला राहवेना.

"बाळा, मामाला हृदयाचं म्हणून दाखव. तेवढंच त्याचं मन रमेल."

पोरगं खुर्चीवर चढलं. चार कप्पे, झडपा, शुद्ध रक्त, अशुद्ध रक्त, सगळं घडाघडा म्हणालं. शेवटी उदाहरणही दिलं, "हृदय बंद पडलं की माणूस मरतो. मामीचं पडलं."

"काय बुद्धी आहे हो!" शेजारच्या काकू डोळे पुसायचं विसरल्या. टाळ्या तेवढ्या वाजवायच्या राहिल्या.

माझी मुलगी त्याच्याच वयाची. तिला अजून चपला उलट्या की सुलट्या कळत नाही, हे बहिणीने त्याही दिवशी आठवणीने सांगितलं. मुलगी उठून आत गेली. घड्याळ बंद पडलं की तिची आई ज्या डब्यातून सेल काढायची, त्यातला एक मुठीत घेऊन आली.

"बाबा, आईला हा घाल ना."



सेल अजून माझ्या खिशात आहे. तिला सांगायचं राहिलंय.