अर्धा तास बंद

तिसऱ्यांदाही पासवर्ड चुकला आणि सिस्टरचं खातं बंद पडलं. दुसऱ्या सिस्टरचं त्याआधीच अडकलं होतं, डॉक्टरांचं तर सगळ्यात आधी. शेवटी खालच्या मजल्यावर हॉस्पिटलचा सर्व्हर सांभाळणाऱ्या साहेबांना फोन गेला, "लगेच वर या. पेशंटची माहिती उघडत नाहीये."

जिना चढताना साहेबांना हसूच येत होतं. नवा सर्व्हर त्यांनी कालच सुरू केला होता. पासवर्ड मारुतीच्या शेपटासारखे लांब, तीन चुका झाल्या की खातं अर्धा तास बंद, आणि वॉर्डात सगळे मिळून वापरायचे ते सामायिक खातं कायमचं रद्द. सिस्टरने परोपरीने विनवलं होतं, "अडीअडचणीला ते एक तरी राहू द्या हो." साहेबांनी तिलाच चार गोष्टी सुनावल्या होत्या. दाराला कुलूप लावायचं आणि खिडकी सताड उघडी ठेवायची, हे त्यांच्या राज्यात चालणार नव्हतं. शिस्त लागायची तर लोक चार दिवस रडणारच.

वॉर्डात पाऊल टाकलं आणि ते जागच्या जागी थिजले. खाटेवर बाबा होते. डोळे मिटलेले, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. पायथ्याशी शेजारच्या काकू उभ्या होत्या.

"दारातच कोसळले रे," काकू म्हणाल्या. "तुझा फोन लागेना."

डॉक्टर नाडीवरून नजर न काढता म्हणाले, "यांना कुठलंसं इंजेक्शन सोसत नाही, असं या काकू म्हणतात. मागच्या वेळी इथेच जिवावर बेतलं होतं. त्या इंजेक्शनचं नाव कॉम्प्युटरमध्ये नोंदवलंय. आधी ते उघडा, मग मला औषध देता येईल."

साहेब खुर्चीत बसले. सगळी खाती उघडणारं खातं त्यांचंच होतं. पहिल्यांदा पासवर्ड चुकला. दुसऱ्यांदा बोटं भलत्याच अक्षरावर पडली. तिसऱ्यांदा त्यांनी एकेक अक्षर पुटपुटत दाबलं, आणि पडद्यावर ओळ आली: अर्धा तास बंद. नियम सगळ्यांना सारखा, असं ते काल छाती फुगवून म्हणाले होते.

"बाबा," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

डॉक्टरांनी चमकून वर पाहिलं. "तुमचे वडील आहेत? मग मरू दे ते मशीन. कुठलं इंजेक्शन चालत नाही, तेवढं सांगा पटकन."

सिस्टर सुई हातात धरून थांबली. काकूही त्यांच्याच तोंडाकडे पाहू लागल्या. मागच्या वेळी बाबा याच वॉर्डात होते, तेव्हा साहेब खाली सर्व्हरपाशी होते. सगळी धावपळ आईने केली होती, आणि आई आता राहिली नव्हती. साहेबांची बोटं पुन्हा कीबोर्डवर गेली.

पासवर्ड ते घाबरून विसरले होते. इंजेक्शनचं नाव त्यांना कधी माहीतच नव्हतं.